लाईन गेली की कीबोर्ड का बंद पडतो?

पीक विमा एक रुपयात भरता यायचा तेव्हाचा सीझन, जुलैचे शेवटचे दिवस, आणि माझ्या मामेभावाच्या सेवा केंद्रासमोर पंधरा-वीस जण पावसात उभे, सातबारा, पासबुक, आधार सगळं पन्नीत गुंडाळून छातीशी धरलेलं. तेवढ्यात लाईन गेली. आमच्याकडे त्यात नवीन काही नाही. पंखा थांबला पण लॅपटॉपला बॅटरी आहे, नेट मोबाईलवरून चालतंय, म्हणजे काम थांबायचं काही कारण नव्हतं. भाऊ डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली की पूर्ण फिडर (मुख्य लाईन) गेलं ते पाहायला बाहेर जाऊन आला, परत खुर्चीत बसला, एंटर दाबलं, तर कीबोर्ड बंद. बाहेरून लावलेला, वायरचा, चारशे रुपयांचा. पाच-सात वेळा एंटर ठोकलं, मग कीबोर्ड उलटा करून हातावर आपटला, त्यातून शेंगदाण्याची टरफलं पडली, बाकी काही झालं नाही. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डावरचं स्पेसबार आधीच गेलेलं, म्हणून तर हा बाहेरचा लावला होता.

मला फोन आला. "भाऊ, येताना तालुक्यावरून एक कीबोर्ड घेऊन ये ना, हा बी मेला."

"काऊन, मागच्या महिन्यात तर नवा घेतला होता ना तू?"

"हाव, तो बी गेला अन् त्याच्या आधीचा बी."

मी काही घेतलं नाही, तसाच गेलो. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये दोन 'मेलेले' कीबोर्ड पडले होते, तिसरा टेबलावर. माझ्या बॅगेतल्या जुन्या लॅपटॉपला एकेक करून लावले. पहिला चालला. दुसरा पण चालला. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे, ती शेवटी सांगतो. पण दोन चांगले कीबोर्ड माणसाने मेले समजून ड्रॉवरमध्ये टाकले होते, म्हणजे आठशे रुपये, आणि हा एकटा नाही, सेवा केंद्रवाले, टायपिंगचे क्लासवाले, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, ज्यांचं ज्यांचं लॅपटॉपवर दिवसभर काम असतं आणि गावात लाईनचा भरवसा नसतो त्या बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये असं काहीतरी सापडेल. म्हणून हे जरा बैजवार लिहितोय.

कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही

आधी एक गोष्ट डोक्यात बसवायची. यूएसबीला लावलेला कीबोर्ड किंवा माउस स्वतःहून लॅपटॉपला काही सांगू शकत नाही. शाळेतल्या हजेरीसारखं आहे, मास्तरनं नाव घेतलं तरच "हजर" म्हणायचं, मधेच उठून बोलायचं नाही. लॅपटॉप हजेरी घेत राहतो, साधा माउस असेल तर साधारण सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला एकदा, "काही आहे का? काही आहे का?" आणि माउस म्हणतो नाही, नाही, नाही, हो, थोडा उजवीकडे सरकलो, नाही, नाही.

जुन्या डबा कॉम्प्युटरला मागून गोल पिनवाली वायर लागायची, जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माउसची, त्यात असं नव्हतं. तिथे बटण दाबलं की कीबोर्ड स्वतः हाक मारायचा. यूएसबी १९९६ मध्ये आलं आणि एकाच भोकात सगळं लागायला लागलं, कीबोर्ड, प्रिंटर, पेनड्राइव्ह, थंब मशीन, पण सगळ्यांना हजेरीच्या शिस्तीत बसावं लागलं. त्यामुळे ज्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं काम केलं ते म्हणतात ना, "तवा तर कधी असं होत नव्हतं", ते खरंच बोलतात.

दुसरी गोष्ट करंटची. यूएसबीच्या वायरीतून ५ व्होल्ट येतात. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून एका वस्तूला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, आतून निळ्या असलेल्या ३.० पोर्टमधून ९०० पर्यंत. कीबोर्ड उलटा करून स्टिकर वाचा, बऱ्याच ठिकाणी १०० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. म्हणजे कीबोर्ड काही मोठा खाणारा नाही. तरी पण लॅपटॉप त्याच्या ताटावर डोळा ठेवून असतो.

जागलीला गेलेला माणूस

आता मुख्य मुद्दा. वावरात रानडुक्कर, रोही येतात म्हणून रात्री जागलीला जावं लागतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मचानावर बसलेला माणूस रात्रभर डोळे फाडून बसत नाही. सगळं शांत असलं की डुलकी काढतो, आणि पऱ्हाटीत खसखस झाली की उठून डबा वाजवतो. यात काही चूक नाही, उलट शहाणपणाच आहे, सकाळी परत कामाला जायचं असतं.

लॅपटॉप यूएसबीवरच्या वस्तूंना अशीच डुलकी काढायला लावतो. या सोयीचं नाव आहे 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड', विंडोज एक्सपीच्या काळापासून आहे, आणि अर्थ एवढाच की जी वस्तू सध्या कामात नाही तिला एकटीला झोपवायचं, बाकीचं चालू ठेवायचं. पुढे मी याला नुसती 'झोप' म्हणतो. झोपवायचं कसं, तर लॅपटॉप हजेरी घेणं बंद करतो. नियम असा आहे की ३ मिलिसेकंद वरून काहीच आवाज आला नाही तर खालच्या वस्तूने समजायचं की झोपायची ऑर्डर आहे, आणि आपलं खाणं एकदम कमी करायचं, २.५ मिलिअँपिअरच्या आत. कुठे १०० आणि कुठे अडीच.

झोपेतून उठायचे दोन रस्ते. एकतर लॅपटॉप स्वतः उठवतो, नाहीतर कीबोर्डचं बटण दाबल्यावर कीबोर्ड वर इशारा पाठवतो, "उठा, इथे काम आलंय." हजेरीच्या शिस्तीत ही एवढी एकच सूट आहे, आणि ती पण लॅपटॉपने झोपवायच्या आधी देऊन ठेवली असेल तरच.

इथेच सगळा घोळ होतो. काही जागल्ये नुसती खसखस झाली तरी उठतात, काहींना हलवावं लागतं, आणि काही असे की डुक्कर पूर्ण भुईमूग खाऊन गेलं तरी घोरतच. स्वस्तातल्या कीबोर्ड-माउसमध्ये आणि स्वस्तातल्या हबमध्ये, म्हणजे एका भोकाची चार भोकं करणाऱ्या डबीत, उठायचा इशारा नीट दिलेला नसतो, किंवा इशारा जातो पण वरचा ड्रायव्हर ऐकत नाही. ड्रायव्हर म्हणजे ते छोटं सॉफ्टवेअर जे विंडोज आणि त्या वस्तूच्या मधे दुभाष्याचं काम करतं. आणि उठायला वेळ लागतो म्हणून पहिलं एक-दोन बटण वाया जातं, 'मारोती' टाईप केलं की 'रोती' उमटतं, असं कधी झालं असेल तर ते हेच.

माउसची तर अजून गंमत आहे. त्याच्या पोटातला जो लाल लाईट असतो तो आणि त्याच्या बाजूचा सेन्सर अडीच मिलिअँपिअरमध्ये चालूच शकत नाही, त्यामुळे झोपेत तो आंधळा असतो. म्हणून बरेच माउस कितीही घासले तरी उठत नाहीत आणि क्लिक केलं की पटकन उठतात. लोक टेबलावर गरागरा फिरवत बसतात आणि म्हणतात खराब झाला.

एक खरं सांगतो, अगदी साध्या वायरच्या कीबोर्ड-माउसच्या बाबतीत विंडोज तसं जपून वागतं, उगाच झोपवत नाही. जास्त करून गडबड होते ती हब, वायरलेस माउसचं डोंगल, कंपनीच्या खास ड्रायव्हरवाले माउस, लॅपटॉप कंपनीनं आधीच टाकून दिलेलं बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर, आणि स्क्रीन बंद झाल्यावर वस्तू थांबवायची सेटिंग, यांच्यामुळे. आणि त्यातही डीपीचा प्रश्न.

डीपी झोपली की सगळ्या मोटरी झोपल्या

लॅपटॉपच्या आत पोर्टांच्या वर एक 'रूट हब' असतो. त्याला आपली वावरातली डीपी समजा. एका डीपीवर पाच-सात जणांच्या मोटरी, डीपी बंद तर तुमची मोटर, तुमचं स्टार्टर, तुमची केबल सगळं चांगलं असून पाणी येत नाही. तसंच रूट हब झोपला आणि नीट उठला नाही की त्याच्यावरचं सगळं बंद, कीबोर्ड, माउस, थंब मशीन एकदम. तिन्ही वस्तू एकाच वेळी मरत नसतात हो. एकदम सगळं गेलं की मोटर खोलत बसू नका, डीपीकडे पाहा.

काही लॅपटॉपमध्ये डाव्या बाजूच्या पोर्टांची डीपी वेगळी आणि उजव्या बाजूची वेगळी असते. म्हणून "या पोर्टात चालत नाही, त्या पोर्टात चालते" असं पण होतं, आणि मग माणूस म्हणतो पोर्ट जळला.

मग लाईन गेल्यावरच का?

हे मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. विंडोजमध्ये पॉवरच्या जवळपास प्रत्येक सेटिंगला दोन रकाने असतात, एक 'प्लग्ड इन', म्हणजे चार्जर लावलेला असताना, आणि एक 'ऑन बॅटरी'. चार्जर लावलेला आहे तोपर्यंत लॅपटॉप दिलदार असतो. लाईन गेली की त्याच क्षणी तो दुसऱ्या रकान्यावर जातो आणि एकदम काटकसरी होतो, स्क्रीन मंद करतो, लवकर बंद करतो, वस्तू लवकर झोपवतो. बॅटरी बरीच उतरली की 'बॅटरी सेव्हर' (नव्या विंडोजमध्ये 'एनर्जी सेव्हर') पण आपोआप चालू होतो, तो अजून कंजूस. शहरात, जिथे दिवसभर चार्जर लावलेला असतो, तिथे हा दुसरा रकाना महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. आपल्याकडे दिवसातून चार वेळा.

आता पाहा काय होतं. भावाने पहिला कीबोर्ड तालुक्याला दुकानात नेला होता. दुकानदारानं त्याच्या कॉम्प्युटरला लावला, तिथे इन्व्हर्टर, दिवसभर वीज, कीबोर्ड चालला. "काही नाही झालं याला." भाऊ परत आला, दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली, कीबोर्ड बंद. याला वाटलं दुकानदारानं काही पाहिलंच नाही. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक कटकट्या आहे. दोघंही खरं बोलत होते. लॅपटॉप सोबत नेला असता तरी तिथे चार्जर लावल्यावर पहिला रकाना लागू झाला असता, आणि बिमारी दिसलीच नसती. जसं दवाखान्यात गेल्यावर पोराचा ताप उतरतो.

त्यामुळे तपासणी करायची तर चार्जर काढून करा. चार्जर काढा, स्क्रीन बंद होईपर्यंत हात लावू नका, चहा पिऊन या, मग बटण दाबा.

मेला की झोपला, कसं ओळखायचं

सगळ्यात सोपी परीक्षा कॅप्स लॉकची. बऱ्याच जणांना वाटतं की कॅप्स लॉक दाबला की कीबोर्ड स्वतःच लाईट लावतो. तसं नाही, कीबोर्ड फक्त सांगतो की बटण दाबलं, लाईट लावायचा हुकूम लॅपटॉपकडून परत येतो. म्हणजे लाईट लागला-विझला तर जाणं-येणं दोन्ही चालू आहे, यूएसबीचा काही दोष नाही, दुसरीकडे शोधा. लाईट हललाच नाही तर मधे कुठेतरी कोणी झोपलंय किंवा वायर तुटलीय.

लाईट लागतोय पण अक्षरं उमटत नाहीत? मग उजव्या बाजूची शिफ्ट कोणी धरून ठेवली होती का आठवा. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू करायचं विचारतो, ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी आहे ती, चालू झाली की पटापट दाबलेली बटणं तो मोजतच नाही. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता कोपर टेकतं शिफ्टवर, समोर काहीतरी खिडकी येते, माणूस न वाचता एंटर मारतो आणि झालं. मी अशा दोन केस पाहिल्या, दोघांनी कीबोर्ड बदलायचं ठरवलं होतं.

दुसरी परीक्षा, लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-टू किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे वेगळं बटण असतं, ते दाबून बायोसमध्ये जायचं. बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचं निळं-काळं सेटिंगचं पान. तिथे विंडोज नसतं, विंडोजची झोप पण नसते. चार्जर काढून तिथे दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या कीबोर्डावरून खाली-वर बाण दाबत राहा. तिथे बिनधास्त चालला आणि विंडोजमध्ये बंद पडतो, तर कीबोर्ड निर्दोष आहे, सेटिंग दोषी आहे.

आणि वायर काढून परत लावली की चालतो, हे तर बहुतेक वेळा झोपेचंच लक्षण. वायर ओढणं म्हणजे जागल्याला मचानावरून खाली ओढणं, कोणीही उठेल.

आता करायचं काय

हे सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या टचपॅडवरून करा, बाहेरचा माउस मधेच झोपला तर पंचाईत.

स्टार्टमध्ये पॉवर प्लॅन टाईप केलं की 'एडिट पॉवर प्लॅन' येतं. त्यात 'चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. एक छोटी खिडकी उघडते, त्यात खाली यूएसबी सेटिंग्ज, तिचा प्लस उघडा, आत सिलेक्टिव्ह सस्पेंड. तिथे ते दोन रकाने दिसतील, ऑन बॅटरी आणि प्लग्ड इन. दोन्ही डिसेबल्ड करा. लोक फक्त प्लग्ड इन करतात, कारण करताना चार्जर लावलेला असतो आणि डोळे तिकडेच जातात. आपल्याला तर बॅटरीवाला रकानाच महत्त्वाचा.

मग डीपी. विंडोजचं बटण आणि एक्स सोबत दाबा, मग एम, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडतो. खालच्या बाजूला 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स', त्यात 'यूएसबी रूट हब' असं लिहिलेल्या एक, दोन, कधी तीन-चार ओळी. प्रत्येकीवर डबल क्लिक, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब, आणि त्यात "वीज वाचवायला कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू द्या" अशा अर्थाची ओळ, तिच्या आधीची टिक काढा. एकीची काढून थांबू नका, तुमची मोटर कोणत्या डीपीवर आहे ते बाहेरून कळत नाही. तिथेच 'जेनेरिक यूएसबी हब' दिसला तर त्याची पण काढा, तो तुमचा बाहेरून लावलेला चार भोकांचा हब असू शकतो. कीबोर्ड आणि माउसच्या नावाखाली "या डिव्हाइसला कॉम्प्युटर उठवू द्या" अशी वेगळी टिक असते, ती मात्र राहू द्या, ती आपल्या बाजूची आहे. दोन टिकांमध्ये गल्लत करून उलटं करणारे पण मी पाहिलेत.

तिसरी जागा लोकांना माहीतच नसते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग यूएसबी. तिथे 'यूएसबी बॅटरी सेव्हर' म्हणून एक बटण आहे, स्क्रीन बंद असताना डिव्हाइस थांबवून बॅटरी वाचवायचं. भावाचं खरं दुखणं इथे निघालं. लाईन गेली की तो डीपी पाहायला बाहेर जायचा, तेवढ्यात स्क्रीन बंद व्हायची, स्क्रीन बंद झाली की कीबोर्ड बंद, आणि परत येऊन तो टचपॅडवर बोट फिरवून स्क्रीन चालू करायचा, पण कीबोर्ड काही उठायचा नाही. बटण बंद केलं, चार्जर काढला, आम्ही दोघं बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. एंटर दाबलं, चाललं. तो माझ्याकडे असा पाहत होता की जसं काही मी मंत्र मारला.

पण मग बॅटरी लवकर नाही का संपणार?

संपेल, थोडी. खोटं कशाला सांगू. हिशोब करून पाहू. १०० मिलिअँपिअर गुणिले ५ व्होल्ट म्हणजे अर्धा वॅट, ते पण स्टिकरवरचं जास्तीत जास्त, खरं खाणं त्याहून कमी. समजा लॅपटॉपची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे आणि लॅपटॉप स्वतः ८ वॅट खातो, तर ५ तास चालेल. त्यात अर्धा वॅट वाढला तर साधारण ४ तास ४२ मिनिटं. गेले १८ मिनिटं, ते पण कीबोर्डचं खाणं वाईटात वाईट धरून.

मग एवढ्याशा अर्ध्या वॅटसाठी कंपन्यांनी एवढा कुटाणा कशाला केला, हा प्रश्न बरोबर आहे. कारण वाचवणूक कीबोर्डच्या खाण्यात नाही, वर आहे. हजेरी घेणारा मास्तर जागा असला की शाळेचे लाईट, पंखे, शिपाई सगळे जागे. यूएसबीवर सतत विचारपूस चालू राहिली की आतल्या यूएसबी कंट्रोलरला आणि त्याच्यामागे प्रोसेसरला पण गाढ झोप घेता येत नाही. नुसता पडून राहिलेला लॅपटॉप जास्त तास टिकतो तो या झोपेमुळेच. म्हणजे सोय चांगल्या हेतूने केलेली आहे, फक्त ज्याला प्रवासात सिनेमा पाहायचा आहे त्याच्यासाठी ती जास्त कामाची, आणि ज्याच्यासमोर वीस माणसांची रांग आहे त्याच्या कमी. दिवसभर बॅटरीवरच फिरणारे असाल, बाहेरचा कीबोर्ड नसेलच, तर यातलं काही करू नका. आणि हे बंद केल्यानं लॅपटॉप खराब होत नाही, पोर्ट जळत नाही, तो गैरसमज आहे.

माझ्या लॅपटॉपमध्ये तर हे दिसतच नाही

नव्या लॅपटॉपमध्ये असं होतं. मोबाईलसारखी झोप, स्क्रीन बंद पण आत थोडं जागं, मेल येत राहतं, याला 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणतात, आणि असे लॅपटॉप पॉवरच्या बऱ्याच जुन्या सेटिंग्ज लपवून टाकतात. अ‍ॅडव्हान्स्डच्या खिडकीत यूएसबीची ओळच नसते, किंवा रूट हबला पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नसतो. लपलेली सेटिंग कमांड देऊन बदलता येते पण ती लांबलचक आहे, एक अक्षर चुकलं तर चालत नाही, ती माहीतगार माणसाकडून करून घ्या. तुम्ही तेवढं यूएसबी बॅटरी सेव्हर बंद करा आणि ऑन बॅटरीच्या रकान्यात स्क्रीन बंद व्हायचा वेळ वाढवा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. इंटरनेटवर रजिस्ट्री उघडून हे टाका ते टाका असं सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका, मी लागलो होतो.

"एकदा केलं होतं, परत तसंच व्हायला लागलं" अशी पण तक्रार येते. मोठा अपडेट आला किंवा यूएसबीचा ड्रायव्हर नव्याने बसला की रूट हबची टिक परत येऊ शकते. परत जाऊन काढा, दोन मिनिटांचं काम. आणि रोज संध्याकाळी शटडाउन करता म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो असं समजू नका, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आहे, त्यात शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा गोठवून ठेवतात आणि सकाळी तोच वितळवून वापरतात, कालचा घोळ आज परत. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनं होते. म्हणून बदल केल्यावर रीस्टार्ट करा, शटडाउन नाही.

लिनक्सवाले कोणी असतील तर, तिथे साधारणपणे कीबोर्ड-माउसला झोपवत नाहीत, पण 'पॉवरटॉप' हा बॅटरी वाचवायचा प्रोग्राम चालवून सगळं एकदम ऑटोवर टाकलं की माउस दोन सेकंदात झोपायला लागतो. स्वतःच केलेलं असतं ते.

वायरलेसवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं

वायरलेस माउसमध्ये झोपणारे दोन, लॅपटॉपला लावलेलं नखाएवढं डोंगल आणि माउस स्वतः, कारण त्याला पण सेल वाचवायचा असतो. डोंगलसाठी वरचेच उपाय. ब्लूटूथ असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या अ‍ॅडॅप्टरला पण तीच टिक असते, ती काढा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्लूटूथची चिप आतून यूएसबीवरच बसवलेली असते.

पण कर्सर मधेच अडखळतो, उड्या मारतो, आणि निळ्या पोर्टात बाजूला पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावली की जास्त होतं, तर तो झोपेचा प्रश्न नाहीच. यूएसबी ३.० मधून जो आवाज बाहेर पडतो, रेडिओचा आवाज म्हणतोय मी, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि डोंगल पण तिथेच बोलतं. इंटेलनं २०१२ मध्ये हे मोजून छापलं होतं. बँडबाजाच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलल्यासारखं. उपाय फुकट आहे, डोंगल काळ्या पोर्टात लावा, निळ्यापासून लांब, नाहीतर हातभर एक्स्टेन्शन वायर लावून माउसजवळ आणा.

सगळं केलं तरी बंद पडतो, आता?

मग हब पाहा. चार भोकांचा साधा हब, ज्याला स्वतःचं अ‍ॅडॅप्टर नसतं, तो एका पोर्टचे ५०० मिलिअँपिअरच सगळ्यांमध्ये वाटतो, त्यातले काही स्वतःसाठी ठेवून प्रत्येक भोकाला १०० च्या आसपास. त्यावर कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि थंब मशीन लावलं तर एका थ्री-फेजवर चार मोटरी लावल्यासारखं. थंब मशीनचा लाईट लागतो, बाईचा अंगठा ठेवतात, "डिव्हाइस नॉट रेडी", परत ठेवा, परत पुसा, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला वाटतं आपला अंगठाच झिजला. थंब मशीन हबवर लावू नका, थेट लॅपटॉपला लावा. अ‍ॅडॅप्टरवाला हब घेतला तर करंटचा प्रश्न सुटतो, झोपेचा नाही, सेटिंग त्याला पण करावीच लागते.

हबचं पण नसेल तर पोर्ट ढिला झालाय का, वायर मुळाशी वाकून तुटलीय का पाहा, वायर एका जागी हलवली की चालू-बंद होते ती वायर गेली. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, कधी कधी अडकलेला पोर्ट त्याने पण सुटतो.

आणि तो तिसरा कीबोर्ड. तो माझ्या लॅपटॉपला लावला, कॅप्स लॉक दाबला, लाईट नाही. दुसऱ्या पोर्टात, नाही. चार्जर लावून, काढून, बायोसमध्ये, कुठेच नाही. म्हटलं हा खरंच गेला. वायर हातात घेऊन पूर्ण चाचपली तर टेबलाच्या मागे, जिथे सोयाबीनचं बियाण्याचं पोतं टेकवून ठेवलं होतं तिथे, वायर अर्धी कुरतडलेली, आतले लाल-हिरवे तार बाहेर. खऱ्या उंदराचं काम होतं ते. भावाला दाखवलं तर म्हणतो, "म्हणजे याचं सेटिंग नाही होणार का भाऊ?"